सायकलीला मोटार बसवताना निम्मे पैसे बॅटरीला ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ई-वाहनांवरच्या बातम्या आणि पुरवण्या मी नेमाने वाचते. त्यांत स्कूटर असते, कार असते, अलीकडे बसही असते. घरातल्या जुन्या सायकलीला मोटार आणि बॅटरी बसवून कामाला जाणारा माणूस मात्र कुठेच दिसत नाही. इचलकरंजीत आणि आसपासच्या गावांत असे लोक वाढत चालले आहेत. यंत्रमाग कामगार, वहिफणीवाले, सायझिंगमधली माणसे, रात्रपाळीचे वॉचमन. दिवाळीचा बोनस हातात आला की त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात हाच विचार असतो. आमचे मोटार रिवायंडिंगचे, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार भरून देण्याचे, दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केले, आता मी चालवते. पाण्याच्या आणि मागाच्या मोटारी भरता भरता गेल्या काही वर्षांत सायकलीही दारात यायला लागल्या, आणि त्यांतल्या बहुतेकांची तक्रार एकच असते, बॅटरीची. म्हणून हे पत्र.

या लोकांचा हिशेब सुरू होतो मोटारीपासून. किती वॅटची, किती पळते, चढ चढते का. मोटारीचा किट घेतला जातो, सायकल रंगवली जाते, पुढे झगझगीत दिवा लागतो आणि मग उरलेल्या पैशांत जी मिळेल ती बॅटरी. माझे म्हणणे असे की हिशेब नेमका उलट करावा. आधी रोजचे किलोमीटर, त्यावरून बॅटरी, आणि बॅटरी ठरल्यावर बाकीचे सगळे. एकूण बजेटमधले निम्मे पैसे बॅटरी आणि तिच्या चार्जरला गेले तर ती उधळपट्टी नाही, तिथेच तर पैसे जायला हवेत. मोटार वर्षानुवर्षे चालते, जळलीच तर परत भरता येते. बॅटरीतला खराब सेल दुरुस्त होत नाही.

बॅटरी विकणारा सांगतो ते व्होल्ट आणि किलोमीटर. ‘छत्तीस व्होल्ट, चाळीस किलोमीटर.’ या दोन आकड्यांवरून काहीच कळत नाही. विचारायचे ते वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत एकूण वीज किती मावते. व्होल्टला अँपिअर-अवरने गुणले की वॅट-अवर निघतात. पॅडल फारसे न मारता सपाट रस्त्यावर वीस-पंचवीसच्या वेगाने गेले तर किलोमीटरला साधारण बारा वॅट-अवर लागतात. पाय चालवत राहिले तर आठ-नऊवर भागते, समोरून वारा असेल किंवा मागे पोत्याचे ओझे असेल तर पंधरावर जाते. मी बारा धरते. समजा कामगाराला जाऊन-येऊन २४ किलोमीटर पडतात. २४ गुणिले १२ म्हणजे २८८. बॅटरी कधीही तळापर्यंत रिकामी करू नये, आणि दोन-तीन वर्षांनी ती थोडी म्हातारी होतेच, म्हणून त्याच्यावर निम्मे आणखी धरायचे. झाले ४३२. एवढ्या वॅट-अवरची बॅटरी हवी. यात दुकानदाराचा शब्द कुठेच नाही.

आता एक बॅटरी उघडून दाखवते. मागच्या उन्हाळ्यात एक कामगार ती घेऊन आला. “वैनी, दोन महिनं बी धड चालली न्हाई,” एवढेच म्हणाला. साडेचार हजार रोख दिले होते, बिल नव्हते. वर स्टिकर होता ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवरचा. निळे प्लॅस्टिकचे कव्हर कापले तर आत वीस सेल. इथेच खोटेपणा उघडा पडतो. ३६ व्होल्टसाठी दहा सेल एकापुढे एक जोडावे लागतात. वीस सेल म्हणजे दोन-दोनच्या दहा जोड्या. या मापाचा, म्हणजे १८६५० नावाने मिळणारा, नेहमीचा चांगला नवा सेल अडीच अँपिअर-अवरच्या आसपास असतो. दोन जोडले तर पाच होतात. स्टिकरवरचे दहा आले कुठून? पुढे पाहिले तर सेल तीन रंगांचे, गुलाबी, हिरवे आणि फिकट निळे. काहींच्या टोकांवर आधीच्या वेल्डिंगचे फाटलेले ठिपके. म्हणजे जुन्या लॅपटॉपमधून ओरबाडून काढलेले. मल्टिमीटर लावला. आठ जोड्या ३.९ व्होल्टवर, एक ३.६ वर आणि एक जोडी २.१ वर. सेल एकापुढे एक जोडलेले असले की सगळ्यांत कमजोर जोडी रिकामी झाली की प्रवास तिथेच संपतो, बाकीच्या नऊ भरलेल्या असल्या तरी. बॅटरीतली संरक्षणाची पाटी, जिला सगळे बीएमएस म्हणतात, ती त्या जोडीला वाचवण्यासाठी पुरवठा तोडते. माणूस समजतो मोटार बिघडली. या बॅटरीत तर बीएमएसच्या समतोल राखणाऱ्या बारीक वायरींपैकी दोन तुटलेल्याच होत्या. जोडपट्ट्या निकेलच्या म्हणून विकलेल्या, पण एक पट्टी कानशीने खरवडून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवली तर सकाळी तांबूस गंज. म्हणजे लोखंडी पट्टी, वर निकेलचा नुसता मुलामा. अशा पट्टीचा विद्युतरोध जास्त, त्यामुळे ती तापते.

त्या माणसाला मी सांगितले, दादा, ही परत चार्जिंगला लावू नका. घरात पोरेबाळे आहेत. इतकी खाली गेलेली जोडी पुन्हा भरायला घेणे धोक्याचे असते.

साडेचार हजार स्वस्त वाटतात, पण किलोमीटरचा भाव काढून पाहा. मोठ्या मनाने धरू की अशी बॅटरी दीडशे वेळा चार्ज होते आणि दर वेळी पंधरा किलोमीटर जाते. झाले सव्वादोन हजार किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला दोन रुपये फक्त बॅटरीचे. पेट्रोल शंभरच्या पुढे आहे आणि लिटरला पन्नास देणारी जुनी मोटारसायकल धरली तरी किलोमीटरला दोन रुपयांच्या थोडे वरच पडतात. म्हणजे एवढा खटाटोप करून, मध्येच उतरून सायकल ढकलून, खर्च पेट्रोलइतकाच. आता चांगल्या बॅटरीचे बघा. लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३२७०० मापाचे सेल, प्रत्येकी ३.२ व्होल्ट आणि सहा अँपिअर-अवर. बारा एकापुढे एक आणि असे दोन-दोन, एकूण चोवीस सेल, ४६० वॅट-अवर. आमच्याकडे असा पॅक सेल, बीएमएस, पट्ट्या, डबा आणि मजुरी धरून साधारण ९,६०० रुपयांना पडतो. हजार चार्जिंग ही या सेलसाठी कमीच धरलेली संख्या आहे, आणि दर वेळी तीस किलोमीटर. किलोमीटरला ३२ पैसे. वीज म्हणाल तर पूर्ण चार्जिंगला अर्ध्या युनिटच्या थोडे वर लागते. युनिट दहा रुपये धरले तरी साडेपाच रुपयांत तीस किलोमीटर.

फॉस्फेटचा सेल त्याच ताकदीच्या दुसऱ्या लिथियम सेलपेक्षा जड आणि आकाराने मोठा असतो, ही खरी अडचण. चोवीस सेलचेच वजन साडेतीन किलोच्या जवळ जाते, डबा वेगळा. पण तो उष्णता जास्त सोसतो, सहजासहजी पेट घेत नाही आणि टिकतो कितीतरी जास्त. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला एप्रिल-मेमध्ये याचे मोल कळते. ‘हे सगळे चिनी’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी आवर्जून सांगते की हा पदार्थ बॅटरीत चालतो हे १९९७ साली टेक्सासमध्ये जॉन गुडइनफ यांच्यासोबत ज्यांनी दाखवून दिले त्यांत अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी हे दोघे भारतीय होते. गुडइनफ यांना २०१९ मध्ये लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

बाकीचा खर्च थोडक्यात. २५० वॅटचा, ३६ व्होल्टचा हब मोटारचा, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसणाऱ्या मोटारीचा किट, कंट्रोलर आणि मोटार बंद करणाऱ्या ब्रेकच्या मुठींसह, सात हजारांच्या आसपास. जुन्या काळ्या सायकलींचा मागचा चिमटा अरुंद असतो, त्यात मागच्या चाकाची मोटार ताणून बसवू नये. पुढच्या चाकाची घ्यावी आणि आस फिरून चिमटा फाटू नये म्हणून दोन्ही बाजूंना जाड लोखंडी पट्ट्या घालाव्यात. त्या पट्ट्या, फ्यूज, चांगली वायर आणि दिवा यांना ८०० रुपये. चार्जर १,३०० रुपयांचा. आणि सायकलीच्या दुरुस्तीला १,८०० वेगळे काढलेच पाहिजेत. ब्रेक शू, टायर, आरे, हेडचे छर्रे. मोटार लागल्यावर सायकल जास्त वेगाने आणि जास्त वेळ पळते, जुने सळईचे ब्रेक त्या वेगाला पुरत नाहीत. सगळी बेरीज २०,५०० रुपये होते. त्यात बॅटरी आणि चार्जर मिळून १०,९००. निम्म्याहून जास्त.

वीस हजार नाहीत, पंधराच आहेत, असे झाले तर? मग बॅटरी कापू नका. थांबा, किंवा भिशी लावा. आमच्या गल्लीत बायकांची भिशी आहे, तिच्यातून दोघींच्या घरी अशा सायकली झाल्या. आणि सायकल तयार झाल्यावरही महिन्याला दोनशे रुपये बाजूला टाकत राहिले तर चार वर्षांत नव्या बॅटरीचे पैसे जमतात. पेट्रोलचे वाचलेले पैसे पाहता दोनशे जड नाहीत. बॅटरी हा एकदाचा खर्च नाही हे सुरुवातीलाच धरून चालले की मग ती संपल्यावर सायकल भंगारात जात नाही.

चार्जरबद्दल जरा जास्त लिहिते, कारण इथे शंभर-दोनशे वाचवण्याच्या नादात घरे पेटू शकतात. दहा सेलच्या नेहमीच्या लिथियम बॅटरीला नेमका ४२ व्होल्टवर थांबणारा चार्जर लागतो. बारा सेलच्या फॉस्फेट बॅटरीला ४३.८ व्होल्टचा. दोघांच्याही स्टिकरवर ३६ व्होल्टच लिहिलेले असते आणि पिनही सारखीच असते. फॉस्फेटचा चार्जर दुसऱ्या बॅटरीला लावला, किंवा जुन्या शिशाच्या बॅटरीचा चार्जर वापरला, तर सेल मर्यादेबाहेर भरला जातो आणि सगळी भिस्त त्या बीएमएसवर राहते. म्हणून मी बॅटरीवर आणि चार्जरवर एकाच रंगाचा पेंट लावून देते. कामावरून आल्यावर बॅटरी गरम असते, तासभर निवू द्यावी. रात्री सगळे झोपल्यावर चार्जिंग नको. जिन्याखाली किंवा एकुलत्या एका दाराशी तर अजिबात नको, आग लागली तर बाहेर पडायचे कुठून? न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटरींच्या आगींत १८ माणसे गेली, आणि त्या आगींमागे मुख्यतः ई-सायकली आणि ई-स्कूटरच्या बॅटऱ्या होत्या. तिथेही सायकली चालवणारे बरेचसे घरोघर जेवण पोचवणारे गरीब लोकच. त्या शहराने त्याच वर्षी कायदा लागू करून प्रमाणित नसलेल्या आणि जुन्या सेलपासून जुळवलेल्या बॅटऱ्यांच्या विक्रीवर बंदी आणली. आपल्याकडे २०२२ मध्ये ई-स्कूटरना आगी लागल्यावर बॅटरीचे निकष कडक झाले, ते चांगलेच झाले. पण ते नोंदणी होणाऱ्या वाहनांसाठी. हातोहात विकली जाणारी सायकलीची सुटी बॅटरी त्या चाळणीतून जातच नाही.

आता कराचे. हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त बोचतो. १ ऑगस्ट २०१९ पासून इलेक्ट्रिक वाहनावर जीएसटी ५ टक्के आहे. गाडी बॅटरीसकट घ्या की बॅटरीविना, दर तोच. साध्या सायकलीवरचा करही २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला. पण सुटी लिथियम बॅटरी घ्यायला गेले की १८ टक्के. म्हणजे लाखाची तयार स्कूटर घेणारा आतल्या बॅटरीवरही पाचच टक्के देतो, आणि घरची सायकल जुळवणारा कामगार अठरा देतो. आमच्या ९,६०० च्या बॅटरीत हा फरक हजारेक रुपयांचा पडतो. कामगाराला हजार रुपये म्हणजे काय हे सांगायला नको. याच हजारासाठी तो बिलाशिवाय मिळणाऱ्या त्या तीन रंगी सेलच्या बॅटरीकडे वळतो. बिल नाही म्हणून गॅरंटी नाही, गॅरंटी नाही म्हणून भांडायला जागा नाही. सुट्या बॅटरीचा दरही पाचवर आणला तर बिल घेऊन बॅटरी घेणे परवडायला लागेल. महाराष्ट्राच्या अर्थमंत्र्यांनी जीएसटी परिषदेत हा विषय मांडावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्याबरोबर सुट्या बॅटरीवर तीन गोष्टी छापणे सक्तीचे व्हावे. वॅट-अवर, सेल कुठल्या कंपनीचा, आणि सेल तयार झाल्याचा महिना. आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये बॅटरी तपासून देण्याची सोय व्हावी. यासाठी फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. बॅटरी ठरावीक भारावर रिकामी करून किती वॅट-अवर निघाले हे मोजणारे साधे यंत्र आणि एक दुपार एवढे पुरते. काही आयटीआयमध्ये आता इलेक्ट्रिक व्हेईकल मेकॅनिकचा ट्रेड आहे, त्या मुलामुलींचा सरावही होईल. पन्नास रुपये फी ठेवली तरी लोक आनंदाने देतील.

तोपर्यंत वाचकांना एक सोपी तपासणी सांगते. बॅटरी घ्यायच्या आधी किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. १८६५० चा एक सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास असतो. ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवरसाठी असे अडीच अँपिअर-अवरचे चाळीस सेल लागतात, म्हणजे नुसत्या सेलचेच वजन १ किलो ८०० ग्रॅम. पट्ट्या, वायरी, डबा धरून ती बॅटरी दोन किलोच्या वर भरलीच पाहिजे. सव्वा किलो भरली तर आत वीसच सेल आहेत असे समजा आणि पैसे खिशात ठेवून घरी या.

काही गिऱ्हाईक ४८ व्होल्ट, ५०० वॅटचा हट्ट धरतात, त्यांना मी नाही म्हणते. कायद्याने २५० वॅटच्या आतली मोटार आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग एवढीच मुभा आहे, त्यापुढे ती सायकल राहत नाही, मोटार वाहन होते, मग नोंदणी, परवाना, विमा सगळे आले. शिवाय या मुभेसाठी मॉडेल मान्यताप्राप्त तपासणी संस्थेकडून प्रमाणित असावे लागते. घरी जुळवलेली प्रत्येक सायकल पुण्याच्या एआरएआय या तपासणी संस्थेकडे नेणे कुणालाच शक्य नाही. किटचा आणि बॅटरीचा संच एकदाच प्रमाणित करून विकला गेला तर हा प्रश्न सुटेल, आणि ते काम किट विकणाऱ्या कंपन्यांनी करायचे आहे, कामगाराने नाही.

शेवटचा मुद्दा संपलेल्या बॅटरीचा. बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम सांगतात की बॅटरी बाजारात आणणाऱ्याने ती परत घेण्याची जबाबदारी उचलायची. पण कारागिराने जुळवलेल्या बॅटरीला असा मालक कोण? आज ती भंगारवाल्याकडे जाते, तो हातोड्याने फोडतो आणि त्यातले बरे दिसणारे सेल पुन्हा त्याच निळ्या कव्हरमध्ये बाजारात येतात. इचलकरंजी महानगरपालिकेने प्रत्येक प्रभाग कार्यालयात लिथियम बॅटरीसाठी वाळू भरलेली एक लोखंडी पेटी ठेवावी आणि महिन्यातून एकदा ती अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पाठवावी. पेटीचा पत्रा आणि वेल्डिंग आमच्या गल्लीतले कारागीर करून द्यायला तयार आहेत. मी त्यांच्याशी बोलले आहे.

आपली,
एक वाचक
(मोटार रिवायंडिंग व्यावसायिक)
इचलकरंजी, जि. कोल्हापूर